स्टँडबायच्या फ्लॅशमध्ये शेवटचं कधी डोकावला होतात?

एखाद्या मोठ्या ऑफिसच्या किंवा इंजिनीअरिंग कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये गेलात, तर रॅकमध्ये पंख्यांचा घरघराट करणारं एक जाडजूड धूड बसलेलं दिसेल. तोही स्विचच, म्हणजे अनेक संगणकांच्या केबली एकमेकांना जोडणारं यंत्र. घरच्या राउटरशेजारी पडलेल्या पाच पोर्टांच्या डबीशी त्याचं नातं आडनावापुरतंच. याला चॅसिस स्विच म्हणतात. लोखंडी सांगाडा, त्यात एकावर एक खण, आणि प्रत्येक खणात सरकवून बसवायचं एक कार्ड. बहुतेक कार्डांवर केबल खोचायला पोर्ट असतात, ती लाइन कार्डं. दोन खण मात्र वेगळे. त्यांत बसणाऱ्या कार्डावर सगळ्या स्विचचा कारभार चालतो.

या कारभारी कार्डाला प्रत्येक कंपनीने आपापलं नाव दिलंय. सिस्को त्याला सुपरवायझर म्हणते, ज्युनिपर राउटिंग इंजिन म्हणते, हुवावे मेन प्रोसेसिंग युनिट म्हणजे एमपीयू म्हणते, आणि एचपीच्या जुन्या स्विचवर ते सरळ मॅनेजमेंट मॉड्यूल असतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०९ या मॉडेलमध्ये सुपरवायझर ७२० हे कार्ड ५ व्या आणि ६ व्या खणात बसतं. सिस्कोच्याच नेक्सस ७०१० मध्येही ५ आणि ६, तर त्याच्या थोरल्या भावात, ७०१८ मध्ये, ९ आणि १०. कोणता पत्ता कुठल्या पोर्टमागे आहे, कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या गटात, कोण, बाहेर जायची वाट कोणती, हे सगळं ठरवणारा प्रोसेसर या कार्डावर असतो. तो बसला की स्विच बसला. म्हणून कार्डं दोन. एक अ‍ॅक्टिव्ह, दुसरं स्टँडबाय. पहिलं पडलं की दुसऱ्याने कारभार हातात घ्यायचा.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. कोटेशनमध्ये "रिडंडंट सुपरवायझर", म्हणजे राखीव सुपरवायझर, अशी ओळ असते, तिच्यासमोर घसघशीत रक्कम असते, आणि ती मंजूर करणाऱ्याला वाटतं की आता काळजी मिटली. पण दुसरं कार्ड म्हणजे दुसरा स्वतंत्र संगणक आहे. त्याची स्वतःची मेमरी आहे, स्वतःचं फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी फायली टिकवणारी साठवण आहे, आणि त्या फ्लॅशवर स्वतःच्या फायली आहेत. त्या फायली बरोबर असतील तेवढंच ते कार्ड राखीव. आपल्याकडे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो. त्याचा हिरवा दिवा दोन वर्षं इमानेइतबारे लुकलुकत असतो, आणि वीज गेल्यावर कळतं की बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहूनच गेलं. स्टँडबायवरचा हिरवा दिवाही त्याच जातीचा. कार्डाला वीज मिळतेय आणि ते उठलंय, एवढंच तो सांगतो.

तर त्या फायली कोणत्या?

सगळ्यात मोठी फाइल म्हणजे इमेज, स्विचची ऑपरेटिंग सिस्टीम. नेटवर्कवाले "इमेज चढवली" म्हणतात ती हीच. दुसरी, स्टार्टअप कॉन्फिग. स्विच उठल्यावर काय काय करायचं त्याची यादी, साधा मजकूर, काही किलोबाइटांचा. मग दोन छोट्या गोष्टी आहेत ज्या फायली नाहीत, पण फायलींशिवाय त्यांना अर्थ नाही. एक बूट व्हेरिएबल, म्हणजे "उठताना अमुक डिस्कवरची अमुक नावाची इमेज घे" ही चिठ्ठी. दुसरं कॉन्फिग रजिस्टर, म्हणजे कसं उठायचं ते सांगणारा आकडा. सिस्कोमध्ये तो सहसा ०एक्स२१०२ असतो. पासवर्ड विसरल्यावर ०एक्स२१४२ करतात तेव्हा स्विच स्टार्टअप कॉन्फिगकडे न बघता उठतो. याशिवाय फ्लॅशवर बारीकसारीक चिल्लर साठते. कोणी टीसीएल भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट, कोणी कधीतरी काढून ठेवलेली कॉन्फिगची प्रत, "टेस्ट १" नावाचं काहीतरी, आणि कार्ड कधी कोसळलं असेल तर त्याचा पंचनामा असलेली क्रॅशइन्फो फाइल.

आता खरा मुद्दा. यातलं आपोआप काय पलीकडे जातं आणि काय जात नाही?

कॅटॅलिस्ट ६५०० किंवा ४५०० घ्या. रनिंग, म्हणजे सध्या चालू असलेलं, कॉन्फिग सेव्ह केलं की स्टार्टअप कॉन्फिग दोन्ही कार्डांवर लिहिलं जातं. बूट व्हेरिएबल जातं. कॉन्फिग रजिस्टर जातं. यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, ऑटो-सिंक मुळातच चालू असतं. जात नाही ती इमेज. टीसीएल स्क्रिप्टही जात नाही. म्हणजे "अमुक फाइल उचल" ही चिठ्ठी इमानदारीने पोचते, आणि ज्या फाइलबद्दल ती चिठ्ठी आहे ती फाइल पोचत नाही. लग्नपत्रिका वेळेवर मिळावी, पण तिच्यातलं कार्यालय अजून बांधायचंच असावं, तसा प्रकार.

यामागे तर्क नाही असं नाही. कॉन्फिग लहान असतं, ते दर वेळी पाठवायला काही लागत नाही. इमेज शेकडो एमबीची असते. ती कुठल्या डिस्कवर टाकायची, तिथे जागा आहे का, जागेसाठी काय उडवायचं, हे निर्णय स्विचने परस्पर घेतले तर आपणच पहिले ओरडू. म्हणून ते काम माणसावर सोडलंय. माणूस मात्र धरून चालतो की "रिडंडंट आहे ना, मग आपोआप होत असणार."

मीही धरून चाललो होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ग्राहकाच्या मुख्य स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. शनिवारी रात्री दोन ते चार अशी विंडो, म्हणजे काम करायला मिळालेली वेळ. मी दुपारीच नवी इमेज अ‍ॅक्टिव्ह कार्डाच्या डिस्कवर टाकून ठेवली होती. रात्री बूट व्हेरिएबल बदललं. जुन्या इमेजची ओळ काढून टाकली, नीटनेटकेपणाची हौस. कॉन्फिग सेव्ह केलं, आणि शहाण्यासारखं आधी स्टँडबाय रीलोड केलं. म्हटलं, ते नव्या इमेजवर उठलं की मग ताबा त्याच्याकडे देऊ. पाच मिनिटं झाली, दहा झाली. स्टँडबाय उठेना.

कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉप थेट कार्डाला जोडायची केबल, घेऊन रॅकमागे गेलो तर तिथे रॉममॉनचा प्रॉम्प्ट डोळे मिचकावत बसलेला. रॉममॉन म्हणजे इमेज सापडली नाही की कार्ड जिथे येऊन थांबतं ती जागा. चिठ्ठीत नव्या इमेजचं नाव होतं, त्या कार्डाच्या डिस्कवर ती नव्हती. चिठ्ठी चुकली तर कार्ड आपल्या बूटफ्लॅशमध्ये, म्हणजे अंगच्या फ्लॅशमध्ये, दुसरी कुठली इमेज आहे का बघतं, तर ते बूटफ्लॅश रिकामं. नशिबाने जुनी इमेज डिस्कवर शाबूत होती. रॉममॉनमधून हाताने तिचं नाव देऊन कार्ड उठवलं. ती नसती तर? कन्सोलवरून एक्समोडेम या जुन्या पद्धतीने फाइल चढवता येते, पण कन्सोलचा वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० बाइट. १०० एमबीची इमेज त्या वाटेने चढायला सव्वा दिवस लागतो. ग्राहकाचं ऑफिस सोमवारी सकाळी उघडणार होतं.

माझ्यासोबत नुकताच लागलेला एक मुलगा होता. सगळं मार्गी लागल्यावर, पावणेचारला, चहा पिताना तो हळूच म्हणाला, "सर, फाइल दोन्हीकडे टाकायची असते ना?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या रात्री आम्ही निदान स्वतः कन्सोलजवळ उभे होतो. समजा स्टँडबाय रीलोड न करता मी फक्त चिठ्ठी बदलून घरी गेलो असतो, तर सगळे दिवे हिरवे राहिले असते. अ‍ॅक्टिव्ह आणि स्टँडबाय दोघेही जुन्या इमेजवर सुखाने चालत राहिले असते, कारण चालू इमेज मेमरीत असते, फ्लॅशकडे पुन्हा बघायची वेळ थेट पुढच्या रीबूटला येते. ते रीबूट सहा महिन्यांनी वीज जाऊन झालं असतं आणि तेव्हा कोणालाच आठवलं नसतं की काय बदललं होतं.

दोन्ही कार्डांवर इमेज वेगळी असली तर काय होतं, तेही बघून घेऊ. सिस्कोमध्ये स्टँडबाय मुख्यतः दोन प्रकारे तयार राहतं. एसएसओ या पद्धतीत ते पूर्ण उठलेलं असतं, अ‍ॅक्टिव्हची ताजी माहिती त्याच्याकडे सतत येत असते, आणि ताबा तीनेक सेकंदांच्या आत बदलतो. फोनवर बोलणाऱ्याला फार तर एक अडखळ जाणवते. पण एसएसओची अट आहे, दोन्हीकडे इमेज तीच हवी. ती जुळली नाही की स्विच गुपचूप खालच्या पायरीवर उतरतो, आरपीआरवर. आरपीआरमध्ये स्टँडबाय अर्धवट उठलेलं असतं. ताबा घ्यायची वेळ आली की ते उरलेलं काम तेव्हा करतं, लाइन कार्डं पुन्हा सुरू होतात, आणि दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ सगळं नेटवर्क बंद. तुम्ही पैसे मोजले तीन सेकंदांचे. फायलीकडे न बघितल्यामुळे मिळाली काही मिनिटं. आणि स्विचने हे सांगितलेलं असतं बरं का, लॉगमध्ये एक ओळ असते. लॉग वाचतो कोण?

शो रिडंडन्सी स्टेट्स ही कमांड मारली की स्विच कोणत्या पायरीवर आहे ते दिसतं. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) तिथे एसएसओ आणि "स्टँडबाय हॉट" दिसलं तर बरं. "स्टँडबाय कोल्ड" दिसलं तर आधी इमेज तपासा.

आता डोकवायचं कसं? पहिल्यांदा काम करणारा माणूस स्टँडबायच्या कन्सोलला केबल लावतो आणि चकतो. तिथे "स्टँडबाय कन्सोल डिसेबल्ड" असं उत्तर येतं. दार आतून बंद. सगळा व्यवहार अ‍ॅक्टिव्हकडून करायचा. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हला पलीकडच्या डिस्का स्वतःच्याच असल्यासारख्या दिसतात, फक्त नावाआधी एक शब्द जोडायचा. सिस्कोच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे आयओएसमध्ये (आयफोनवाली नव्हे), तो शब्द आहे "स्लेव्ह". आपलं बूटफ्लॅश, तर पलीकडचं स्लेव्हबूटफ्लॅश. आपली डिस्क०, तर पलीकडची स्लेव्हडिस्क०. नव्या आयओएस-एक्सईमध्ये तो शब्द बदलून स्टबाय झाला, स्टबाय-बूटफ्लॅश. डिर ही फायलींची यादी दाखवणारी कमांड, डिर स्लेव्हडिस्क० म्हटलं की पलीकडची यादी समोर.

सुपरवायझर ७२० वर यात आणखी एक गंमत आहे, आणि तिने भल्याभल्यांना फसवलंय. त्या एका कार्डावर दोन प्रोसेसर असतात, एक स्विच प्रोसेसर आणि एक रूट प्रोसेसर. दोघांना आपापलं बूटफ्लॅश. नुसतं बूटफ्लॅश म्हटलं की रूट प्रोसेसरचं. स्विच प्रोसेसरचं हवं असेल तर सप-बूटफ्लॅश म्हणायचं. दोन कार्डं म्हणजे चार बूटफ्लॅश, शिवाय डिस्का वेगळ्या. आणि कार्ड उठताना आधी उठतो स्विच प्रोसेसर, त्यामुळे त्याच्या हाताशी इमेज नसेल तर रूट प्रोसेसरकडे असून उपयोग नाही. मी एका ठिकाणी बघितलंय, इमेज स्लेव्हबूटफ्लॅशमध्ये व्यवस्थित टाकलेली, आणि हवी होती स्लेव्हसप-बूटफ्लॅशमध्ये. एका शब्दाचा फरक. टाकणाऱ्याने तर आपल्या परीने दोन्हीकडे फाइल टाकली होती!

इतर कंपन्यांची भाषा वेगळी, कल्पना तीच. हुवावेच्या चॅसिसवर पलीकडच्या कार्डाच्या पत्त्याआधी "स्लेव्ह" आणि मग हॅशचं चिन्ह लावतात. ज्युनिपरमध्ये कार्डांना आरई० आणि आरई१ अशी नावं आहेत आणि फाइल कॉपी करताना आरई१ कोलन मग जागा, असं लिहायचं. ज्युनिपर एका बाबतीत जास्त स्पष्टवक्ता आहे. तिथे कॉन्फिगसुद्धा आपोआप पलीकडे जाईल असं गृहीत धरत नाहीत. कमिट सिंक्रोनाइझ असं म्हणावं लागतं, किंवा कॉन्फिगमध्येच एकदा तसं लिहून ठेवावं लागतं. नुसतं कमिट केलं, म्हणजे बदल लागू केला, तर तो याच कार्डावर राहतो. पण ज्युनिपर मागच्या कमिटच्या प्रती जपून ठेवतो, ० ते ४९, म्हणजे एकूण ५०, ही चैन आयओएसवाल्यांना हेवा वाटावी अशी. सॉफ्टवेअर मात्र तिथेही प्रत्येक राउटिंग इंजिनवर चढवावं लागतं. नेक्ससवर पलीकडचं बूटफ्लॅश "सप-स्टँडबाय" या नावाने दिसतं, आणि इन्स्टॉल ऑल ही कमांड वापरली तर ती इमेज पलीकडे नेण्याचं कामही स्वतःच करते. नव्या कॅटॅलिस्ट ९००० मालिकेत इन्स्टॉल पद्धत वापरली तरी तसंच. म्हणजे नव्या यंत्रांत हे दुखणं बरंच कमी झालंय. पण आपल्याकडे दहा-पंधरा वर्षं जुना चॅसिस अजून गाडा ओढतोय अशी ठिकाणं कमी नाहीत. आणि नव्या यंत्रावरही कोणीतरी जुन्या सवयीने हाताने फाइल टाकून बूटची ओळ बदलतोच.

एकावर एक रचलेले छोटे स्विच, म्हणजे स्टॅक, ज्यांच्याकडे असतात त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. तिथे प्रत्येक स्विचचं फ्लॅश वेगळं, फ्लॅश१, फ्लॅश२ असं. स्टॅकमधला म्होरक्या गेला तर दुसरा पुढे येतो, आणि त्याच्या फ्लॅशमध्ये जे असेल तेच घेऊन येतो.

फाइल पलीकडे न्यायचा सरळ रस्ता असा. आधी बाहेरच्या सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हवर आणायची, तिथे तपासायची, मग चॅसिसच्या आतल्या आतून स्टँडबायवर कॉपी करायची. बाहेरून आणताना आजही बरेच जण टीएफटीपी ही फाइल पाठवायची साधी पद्धत वापरतात, कारण लॅपटॉपवर ते मिनिटात सुरू होतं. पण मोठ्या फाइलला ते अर्धवट तोडतं याचा अनुभव बऱ्याच जणांना असेल. कारण हिशेबाचं आहे. टीएफटीपी फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करून पाठवतं आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतं. क्रमांकाला जागा १६ बिटांची, म्हणजे आकडा ६५,५३५ च्या पुढे जात नाही. ६५,५३५ गुणिले ५१२, झाले सुमारे ३२ एमबी. हा प्रोटोकॉल आजच्या रूपात १९९२ मध्ये लिहिला गेला तेव्हा ३२ एमबीची फाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. नंतर मोठे तुकडे आणि क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू करणं अशा पळवाटा निघाल्या, पण दोन्ही बाजूंनी त्या पाळल्या तरच. एससीपी किंवा एफटीपी वापरा, निम्मा ताप तिथेच संपतो.

आणि तपासणं. डिरच्या यादीत नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नाही. निदान बाइटांचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे का बघा. त्याहून बरं म्हणजे व्हेरिफाय एमडी५. ही कमांड फाइलचा ठसा काढते. तो कंपनीच्या डाउनलोडच्या पानावर दिलेल्या ठशाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. वाटेत फाइल खराब झाली का, हे कळायला एमडी५ पुरतं. कोणी मुद्दाम बदलली का, हे कळायला पुरत नाही. सारख्याच एमडी५ ठशाच्या दोन वेगळ्या फायली बनवता येतात हे २००४ मध्येच दाखवून झालंय. म्हणून जिथे एसएचए-५१२ चा ठसा दिलेला असतो तिथे तो घ्या. आणि हे सगळं अ‍ॅक्टिव्हवर एकदा, स्टँडबायवर पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा कंटाळा येतो. दुसऱ्यांदाच ते महत्त्वाचं असतं.

सेवा न थांबवता सॉफ्टवेअर बदलायची सोय, तिला इशू म्हणतात, तिथे तर हे सक्तीचंच होतं. कॅटॅलिस्ट ४५०० वर इशू लोडव्हर्जन म्हणताना अ‍ॅक्टिव्हवरची इमेज आणि स्टँडबायवरची इमेज अशा दोन्ही जागा लिहून द्याव्या लागतात. मला ही कमांड म्हणूनच आवडते. ती विचारते, "पलीकडे ठेवलीस का?" त्यानंतर रनव्हर्जन, अ‍ॅक्सेप्टव्हर्जन, कमिटव्हर्जन. मधे ४५ मिनिटांचं घड्याळ चालू असतं, आणि तोवर तुम्ही अ‍ॅक्सेप्ट म्हटलं नाही तर स्विच आपोआप जुन्या इमेजवर परततो.

जागेचा प्रश्न मात्र रोजचा. सुपरवायझर ७२० आलं तेव्हा बूटफ्लॅश ६४ एमबीचं होतं. इमेज फुगत गेल्या आणि मग कॉम्पॅक्ट फ्लॅशची कार्डं लावायची वेळ आली. कमी जागेत काम करणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? काहीतरी डिलीट करतो. आणि मग बघतो तर जागा तेवढीच. जुन्या प्रकारच्या फ्लॅशवर डिलीट म्हणजे फक्त खोडल्याची खूण, फाइल तिथेच असते, अनडिलीट करून परतही मिळते. जागा मोकळी करायला स्क्वीझ ही वेगळी कमांड मारावी लागते, आणि तीही स्टँडबायच्या फ्लॅशवर वेगळी. हुवावेमध्ये डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जाते. ती यादीत दिसत नाही पण जागा अडवून बसते. रिसेट रीसायकल-बिन म्हटल्याशिवाय सुटका नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या डिस्का आपल्या पेनड्राइव्हसारख्याच, तिथे डिलीट म्हणजे डिलीट. कॅटॅलिस्ट ९००० वर इन्स्टॉल रिमूव्ह इनअ‍ॅक्टिव्ह असं म्हटलं की वापरात नसलेले जुने तुकडे काय काय आहेत ते दाखवून, विचारून, उडवतं.

काय उडवायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. चालू इमेज आणि तिच्या आधीची एक इमेज, या दोन दोन्ही कार्डांवर असाव्यात असं माझं ठाम मत आहे. त्या रात्री रॉममॉनमधून सुटका झाली ती जुन्या इमेजमुळेच. जागा नाही म्हणून जुनी उडवणारा माणूस परतीचं तिकीट फाडतोय.

आणि क्रॅशइन्फो. ही फाइल मला या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित वाटते. समजा रात्री तीनला अ‍ॅक्टिव्ह कार्ड कोसळलं. स्टँडबायने ताबा घेतला, कोणाला काही जाणवलं नाही, सगळं ठरल्याप्रमाणे. कोसळलेलं कार्ड पुन्हा उठलं, आणि आता ते स्टँडबाय झालं. सकाळी तुम्ही लॉगिन करता ते नव्या अ‍ॅक्टिव्हवर. त्याच्या फ्लॅशमध्ये बघता तर काहीच वावगं नाही. साहजिकच आहे, कारण ते कोसळलंच नव्हतं. पंचनामा आहे पलीकडे, जे कोसळलं त्याच्या फ्लॅशवर, म्हणजे आता स्लेव्ह या नावाखाली. कंपनीकडे तक्रार नोंदवली की तिथला इंजिनीअर पहिल्यांदा हीच फाइल मागतो. "मिळत नाही" म्हणून सांगणारे मी पाहिलेत, आणि त्याहून वाईट म्हणजे, जागा करायला "काहीतरी जुनं क्रॅशइन्फो होतं, उडवलं" असं सांगणारेही. आधी सर्व्हरवर कॉपी करा, मग उडवा.

कार्ड बदलतानाही हाच सावधपणा. बदली म्हणून आलेल्या कार्डावर कोणती इमेज असेल याचा नेम नसतो, कारखान्यात किंवा गोदामात जी चढवली असेल ती. ते चालू चॅसिसमध्ये सरकवलं तर अ‍ॅक्टिव्हकडून त्याला कॉन्फिग आणि बूटची चिठ्ठी मिळते, इमेज तुम्हाला द्यायची असते. पण चॅसिस बंद करून कार्ड बसवलं आणि मग वीज चालू केली, तर कॅटॅलिस्ट ६५०० वर जे आधी उठेल ते अ‍ॅक्टिव्ह होतं. कोरं कार्ड आधी उठलं तर? मग तुमचं भरलेलं कार्ड स्टँडबाय, आणि कॉन्फिगचा प्रवाह कोऱ्याकडून भरलेल्याकडे. म्हणून बदली कार्ड नेहमी चालू चॅसिसमध्ये, आणि त्याआधी कॉन्फिगची एक प्रत बाहेरच्या सर्व्हरवर.

हे सगळं जागेवर आहे की नाही याची खरी परीक्षा एकच, ताबा मुद्दाम बदलून बघणं. रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर. वर्षातून एकदा, विंडो घेऊन, कन्सोलजवळ उभं राहून. यासाठी परवानगी मागितली की साहेब लोक विचारतात, "चालू आहे ना? मग कशाला हात लावता?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर म्हणून त्यांना फक्त डिरच्या दोन याद्या शेजारी शेजारी छापून दाखवतो. एका यादीत चार फायली, दुसरीत दोन. बहुतेक वेळा परवानगी मिळते.

एक शेवटची खोच. ताबा बदलला की नावंही बदलतात. काल रात्री ज्याला तुम्ही स्लेव्हडिस्क० म्हणत होतात ती आज सकाळी नुसती डिस्क० झाली, आणि कालची डिस्क० आता स्लेव्ह. त्यामुळे कामाच्या नोंदीत "स्टँडबायवर फाइल टाकली" असं लिहिलं असेल तर दोन महिन्यांनी त्याचा काही अर्थ लागत नाही. "स्लॉट ६ च्या डिस्क० वर टाकली, ठसा तपासला" असं लिहायचं. आमच्याकडचा तो मुलगा, आता तो मुलगा राहिला नाही म्हणा, तर कार्डाच्या मुठीवर स्लॉट क्रमांक आणि इमेजचं नाव लिहिलेली चिकटपट्टीच लावतो.